तुमचा आवाज बंद करण्याचा ठराव

गुलाबभाऊ, तुमच्या तेरवीच्या दिवशीही सकाळी तुमचा फोन आला.

मी हिंगणघाटहून समुद्रपूरच्या एसटीत बसले होते, तुमच्याच घरच्या जेवणाला निघालेली. पुढच्या बाकावर तुमच्या हळद संस्थेचे दोन सभासद होते, मागं एक सभासद बाई. आधी पुढचे मोबाइल वाजले, मग मागचा, मग माझा. सगळ्यांनी उचलले. आवाज मोठा करून ऐकायची सवय तुम्हीच लावलेली, त्यामुळे गाडीत एकदम चारही बाजूंनी तुम्ही बोलू लागलात, प्रत्येक ठिकाणी थोडे मागेपुढे. "राम राम मंडळी. मी गुलाबराव बोलून राह्यलो. मोठे जेठे गड्डे अन् हळकुंडं एका कढईत टाकू नका, येगळे शिजवा. घाई करू नका." मग तुमचा तो खोकला, पुढून, मागून आणि माझ्या हातातून.

कंडक्टर थांबला. "कोनाचा फोन आहे बापा, साऱ्याईले एकाच टायमाले?"

"आमच्या अध्यक्षाचा," पुढचा सभासद म्हणाला.

"मंग बोला ना त्याईच्यासंग. नुसते काऊन ऐकून राह्यले?"

त्यानं आमच्या तोंडांकडे एकदा पाहिलं आणि तिकिटाचं मशीन घेऊन पुढं गेला.

पुण्याच्या माझ्या बहिणीला हे सांगितलं तर तिला वाटलं, माझं डोकं ठिकाणावर नाही. तिला पहिल्यापासून समजवावं लागलं. आमचं कृषी महाविद्यालय आणि गिरडजवळच्या गावातली तुमची हळद उत्पादक सहकारी संस्था मिळून एक सेवा चालवतात. रोज सकाळी प्रत्येक सभासदाचा मोबाइल वाजतो आणि त्या दिवसाचं हळदीचं काम त्याला ऐकू येतं. काय सांगायचं ते विद्यापीठानं ठरवायचं, कसं सांगायचं ते संस्थेनं, आणि बोलायचं अध्यक्षांनी. अध्यक्षांना वर्ध्याच्या फेऱ्यांचा कंटाळा, म्हणून यंदा दिवाळी झाल्यावर त्यांनी आमच्या स्टुडिओत बसून गुढीपाडव्यापर्यंतचा सगळा हंगाम एकदाच बोलून टाकला. निरोपांना तारखा लावून ठेवल्या. आता माणूस गेला आणि तारखा राहिल्या.

"मग बंद करा ना," बहीण म्हणाली. लांबच्या माणसाला सगळंच सोपं वाटतं.

बंद करायचं कसं, ते तुम्हीच अवघड करून ठेवलंत भाऊ. पहिल्या वर्षी आमच्या विभागानं तुमच्या एका निरोपातली ओळ परस्पर बदलली होती. ओळ चुकीची नव्हती, पण तुम्हाला विचारलं नव्हतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलासमोर उभे. बसा म्हटलं तर बसला नाहीत. "मॅडम, चूक का बरोबर ते मागून पाहू. आमच्या तोंडात तुमचे शब्द काऊन कोंबून राह्यले तुमी?" मी म्हणाले, घाई होती. तुम्ही म्हणालात, घाई हळदीले नाई, तुमाले आहे. मग सामंजस्य करारात ती अट आली: तुमचा आणि माझा, दोघांचाही होकार असल्याशिवाय निरोप बदलायचा नाही आणि थांबवायचाही नाही. विद्यापीठाच्या कायदेवाल्यांनी तो कागद तपासला, तुमच्या संचालक मंडळानं तो मोठ्यानं वाचून घेतला. माझी बदली झाली तर काय, तुम्ही निवडणूक हरलात तर काय, सगळ्याची सोय त्यात होती. मरणाची सोय कुणाला सुचली नाही. नवा अध्यक्ष निवडून येईपर्यंत त्या कागदापुरते तुम्हीच अध्यक्ष, आणि तुमचा होकार आणायचा कुठून?

आमचे विभागप्रमुख म्हणाले, बरं दिसत नाही, काहीतरी मार्ग काढा. मी त्यांना अट दाखवली. खरं सांगू? ती अट दाखवताना मला बरं वाटलं होतं.

कारण तुमच्याशी माझं भांडण अर्धंच राहिलंय. आठवतं ना, आपली ओळखच भांडणातून झाली. विद्यार्थ्यांनी तुमच्या गावात राहून अहवाल केला होता. तुमची अट अशी की आधी तो आमसभेत वाचायचा, मग जगात कुठंही न्यायचा. मी म्हटलं, ठीक. आमसभेत माझ्या विद्यार्थिनीनं अहवाल वाचला, तुमच्या लोकांनी शांतपणे ऐकला आणि मग चक्क मताला टाकून पाडला! मी आयुष्यात असलं काही पाहिलं नव्हतं. संशोधनाचा निष्कर्ष हात वर करून पाडतात का? पोरगी रडकुंडीला आली. मी तणतणत निघाले, संस्थेचा चहासुद्धा घेतला नाही.

तुम्ही एसटी थांब्यापर्यंत मागं आलात. "मॅडम, तुमचा निष्कर्ष नाई पाडला कोनी. त्या अहवालात पानापानावर आमाले लाभार्थी म्हटलं आहे. आमी लाभार्थी नाई. आमी सभासद आहो. ते तेवढं सुधरवा, उद्या पास करून देतो."

"मग तसं सभेत का नाही सांगितलंत?"

"तुमी थांबल्या असत्या तर सांगतलं असतं."

सुधारून आणला आणि पास झाला, टाळ्यांसकट. त्यात लिहिलं होतं की तुमचे लोक हळद गरजेपेक्षा जास्त शिजवतात आणि रंग घालवतात. ते तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. पुढच्या हंगामात तुमच्या कढईखालचा जाळ लवकर विझलेला दिसला, तेव्हा मी मुद्दाम विचारलं. तुम्ही म्हणालात, काय करता, लाकडं ओली निंघाली. माघात ओली लाकडं, भाऊ! तेव्हा मी हसले नाही, पण वर्ध्यापर्यंत एसटीत एकटीच हसत गेले होते.

स्टुडिओतला दिवस मला आता सारखा आठवतो. भिंतींना जाड स्पंज, समोर माईक, आणि तुम्ही पांढऱ्या सदऱ्यात शाळेतल्या पोरासारखे ताठ. मी लिहून दिलेला मजकूर तुम्ही वाचायला घेतलात, "शेतकरी बंधूंनो, काढणीपश्चात प्रक्रियेमध्ये," आणि तिथंच अडकलात. दोनदा अडकलात. मग कागद उलटा ठेवून म्हणालात, "मॅडम, हे मी माह्या बायकोले असं सांगतलं तर ते मले दवाखान्यात नेईन." वहिनी समोर आहेत असं समजून बोला, असं मी म्हणाले. त्यानंतर दुपारपर्यंत तुम्ही थांबला नाहीत. मध्ये मध्ये खोकला येत होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंनी विचारलं, खोकला कापून टाकू का? मी म्हणाले, राहू दे, खरा वाटतो. आम्ही सगळे हळदीचं ऐकत होतो. त्या खोकल्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

परतताना तुम्ही तो विषय काढलात, जो अर्धाच राहिला. "इतकं बोललो मी. आता सभासदाले काही म्हनाचं असन तर?"

मी म्हणाले, फोनवर उलट बोलायची सोय करता येईल, पण ते ऐकायला माणूस लागेल. विद्यापीठात बोलणाऱ्यांची पदं आहेत, ऐकणाऱ्याचं पद नाही.

"मंग हे एकतर्फी आहे मॅडम. तुमचं विद्यापीठ बोलते लय. आयकते कवा?"

"तुम्ही आहात ना. लोक तुम्हाला सांगतात, तुम्ही मला सांगता."

"मी काय जन्माले पुरनार आहो का?"

मी म्हणाले, पुराल हो, तुम्हाला काय धाड भरली आहे. तुम्ही हसलात. विषय तिथंच राहिला, पुढच्या वेळी बोलू म्हणून.

पुढची वेळ सेवाग्रामच्या दवाखान्यात आली. तुमच्या तोंडावर मास्क, बोलणं बंद. वहिनी खाटेच्या कडेला, मी स्टुलावर. आणि सकाळची वेळ झाली तसा उशाशी ठेवलेला तुमचा मोबाइल वाजला. वहिनींनी उचलला. "राम राम मंडळी. मी गुलाबराव बोलून राह्यलो." खणखणीत आवाज. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. वहिनींनी फोन तुमच्या कानाशी धरला. तुम्ही स्वतःचंच बोलणं शेवटपर्यंत ऐकलंत, मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत आणि मान हलवलीत. हे बंद करा, असं म्हणालात? की चालू राहू द्या? की नुसतं एवढंच, की माझं सांगणं एके ठिकाणी चुकलं? मी विचारलं, भाऊ काय? तुम्ही परत डोळे मिटलेत.

ती मान मी अजून रोज पाहते. भाजी चिरताना पाहते, वर्गात शिकवता शिकवता पाहते. इतकी वर्षं तुमचं म्हणणं कळत नाही असं झालं नव्हतं. पटायचं नाही, पण कळायचं.

मी तुमच्या आवाजाची वाट पाहू लागले होते. दुसरं काही सांगून उपयोग नाही. सकाळी अंघोळ उरकून मोबाइल समोर घेऊन बसायचं, तो वाजला की "बोला भाऊ" म्हणायचं. तुमच्या गावात तर लोक उत्तरं देत होते. कुणी म्हणे, "हाव भाऊ, कालच शिजवली." कुणी नुसतं राम राम घाली. एक म्हातारे सभासद फोन झाल्यावर जोडे घालून संस्थेच्या ऑफिसापर्यंत येत, दाराशी उभे राहत आणि परत जात. प्रल्हादभाऊंना, म्हणजे तुमच्या उपाध्यक्षांना, हे बघवत नव्हतं, पण बंद करा म्हणायला त्यांचीही जीभ रेटत नव्हती.

मग आभाळ आलं.

तुम्ही असताना याची एक रीत होती. संध्याकाळी तुमचा फोन यायचा, खरा फोन. "मॅडम, गिरडच्या टेकडीवर ढग बसले. उद्याचा निरोप बदलवा." मी हो म्हणायचे, तुम्ही हो म्हणायचात, निरोप बदलायचा. या वेळी हवामानाचा इशारा मी वाचला आणि उद्याचा निरोप काय आहे ते काढून पाहिलं. तुम्ही दिवाळीनंतर बोलून ठेवलं होतं: शिजवलेली हळद अंगणात पातळ पसरवा, झाकू नका, चांगलं ऊन लागू द्या. मी प्रल्हादभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, मी एकटा कसा हो म्हनू? बोर्ड बसवा लागते." आमच्या संगणक विभागानं विचारलं, अध्यक्षांचा होकार कुठं आहे? माझ्याच बोटानं दाखवलेली अट माझ्यासमोर उभी राहिली. शेवटी मी कॉलेजच्या नावानं लेखी संदेश पाठवला: पावसाची शक्यता, हळद पसरवू नये. सकाळी सभासदांच्या मोबाइलवर दोन्ही आलं. विद्यापीठाचा लेखी मजकूर, आणि तुमचा आवाज.

आपले लोक खुळे नाहीत. आभाळ त्यांना माझ्यापेक्षा आधी दिसतं. बहुतेकांनी ताडपत्र्या काढल्या. तरी काही अंगणांत हळद पसरलीच. का, असं मागून विचारलं तर एक जण म्हणाला, "भाऊनं सांगतलं, मंग कसं मोडाचं?"

मी जीप घेऊन पोचले तेव्हा थेंब पडायला लागले होते. वहिनींचं अंगण पिवळं होतं, कडेपासून कडेपर्यंत. त्या दारात बसून होत्या, हात मांडीवर. मी ओरडले, वहिनी, उचला ना! त्या हलल्या नाहीत. मी पदर खोचला आणि घमेल्यानं ओढायला लागले. मग त्या उठल्या. आम्ही दोघींनी जमेल तेवढी पडवीत ढकलली. उरलेली भिजली. अंगणभर पिवळं पाणी वाहत दाराबाहेर गेलं.

"तुम्हाला आभाळ दिसलं नाही का?" मला राग आवरत नव्हता.

"दिसलं न मॅडम. तेच त्याईले सांगतलं मी. फोन आला तवा म्हटलं, अवो आभाळ आलं आहे, काय करू सांगा. तर हे म्हनते, पसरवा. मी पुन्ना म्हटलं, पानी येईन. तर हे आपलं तेच तेच." त्यांनी भिजलेलं एक हळकुंड उचललं आणि पदराला पुसलं. "जित्ते होते तवा भांडत होते माह्यासंग, पन आयकत होते. आता आयकतच नाई. असा मानूस नोको मले घरात. बंद करा ते, मॅडम. मी नाई म्हनू शकत त्याईले. तुमी म्हना."

भाऊ, मला तिथं रडू आलं. तुमच्यासाठी आलं की माझ्यासाठी, कोण जाणे. तुम्ही मला जे दिवाळीनंतर सांगितलं होतं, तेच त्या बाईनं एका वाक्यात माझ्या ओटीत घातलं, आणि तिनं ते सांगावं म्हणून तुम्हाला मरावं लागलं.

अध्यक्षांच्या होकाराऐवजी सभेचा ठराव चालेल, असं कायदेवाल्यांनी सांगितलं, आणि विशेष सभा संस्थेच्या गोदामात भरली. हळदीचा तोच वास, तीच चटई, भिंतीशी पोत्यांची थप्पी. आधी शोकप्रस्ताव झाला, सगळे उभे राहिले. मग प्रल्हादभाऊंनी विषय वाचला: दिवंगत अध्यक्षांच्या आवाजातील निरोप थांबवणे. वाचताना त्यांना मध्येच पाणी प्यावं लागलं. सूचक कोण, असं विचारताच वहिनी उभ्या राहिल्या. संस्थेतला त्यांचा भाग, म्हणजे शेअर, त्यांच्या स्वतःच्या नावानं आहे, तुम्हीच घ्यायला लावला होतात. "मी सूचक," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पुरुषांची कुजबुज झाली. कुणी म्हणालं, पाडव्यापर्यंत राहू द्या, आपलंच मानूस आहे. ते जोडे घालून येणारे म्हातारबा उठले आणि म्हणाले, "सकाळी भाऊ बोलते तर दिवस मार्गी लागते माहा." त्यावर वहिनी बसल्या बसल्याच म्हणाल्या, "तुमचा दिवस मार्गी लागते बाबाजी. माह्या अंगनातली हळद भिजली." म्हातारबांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग तेच म्हणाले, "मंग मी अनुमोदन देतो."

पुढची व्यवस्था काय, असं मला विचारलं. मी उभी राहिले. सांगितलं की यापुढं कुणाचाच आवाज हंगामभरासाठी भरून ठेवायचा नाही. आदल्या संध्याकाळी मंडळातलं कुणीतरी एक बोलेल, आभाळ पाहून. आणि दर शनिवारी आमच्याकडचं कुणीतरी या गोदामात येऊन बसेल. बोलायला नाही, ऐकायला. सभासदांनी सांगायचं, आम्ही लिहून न्यायचं आणि पुढच्या शनिवारी उत्तर घेऊन यायचं. "तुमच्या साहेबाची परवानगी आहे?" प्रल्हादभाऊंनी विचारलं. मी हो म्हणाले. विभागप्रमुखांना अजून विचारलेलं नव्हतं. तुम्ही असतात तर तुम्हाला ते माझ्या तोंडावरूनच कळलं असतं आणि तुम्ही मिशीत हसला असतात.

मग ठराव मताला टाकला. ज्यांची बाजूने मतं आहेत त्यांनी हात वर करावेत. हात वर गेले. म्हातारबांचा गेला. वहिनींनी दोन्ही हात मांडीवरून उचलले आणि एक वर केला. कुणाचाही खाली राहिला नाही. मी मागं पाहुण्यांच्या खुर्चीवर होते. मी यासाठीच आले होते. हेच व्हायला हवं होतं, हे मला त्या अंगणात पटलेलं होतं.

प्रल्हादभाऊंनी नियमाप्रमाणे विचारलं, "इरोधात कोनी?"

विचारण्यापुरतंच विचारलं त्यांनी. गोदामात कुणी हललं नाही. त्या शांततेत मला उद्याची सकाळ ऐकू आली, तुमच्याशिवायची, आणि परवाची, आणि त्यापुढची सगळी. अन् माझा हात वर गेला.

सगळ्या माना मागं वळल्या. प्रल्हादभाऊ गोंधळले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "तुमी सभासद नाई न. तुमाले मत नाई इथं."

"राहू द्या त्याईचा हात जरासा," वहिनी म्हणाल्या. कुणी हसलं नाही. कुणी घाईही केली नाही. हात दुखेपर्यंत मी तो तसाच ठेवला, आणि तोपर्यंत ती सगळी माणसं माझ्यासाठी थांबून राहिली.

सभेच्या इतिवृत्तात ठराव सर्वानुमते मंजूर झाला असं लिहिलं आहे. कायद्यानं ते बरोबरच आहे, गुलाबभाऊ. तुम्ही मात्र ते तेवढं खरं धरू नका.